वाशीम : वाकाटकांची जलतीर्थनगरी

वाशीम (प्राचीन वत्सगुल्म). विदर्भातील वाशीम जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. अकोला–पूर्णा लोहमार्गावरील स्थानक. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला.

पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने चौथ्या शतकात येथे आपली गादी स्थापली. ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता म्हणूनही त्याची ख्याती होती. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली वाशीममध्येच सापडला आणि वत्सगुल्म म्हणजे वाशीमच का, हा राजधानीचा प्रश्न निकालात निघाला. याच घराण्यातील हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. संस्कृत कवी राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लागते ते वत्सगुल्मातच, आणि हे नगर कामदेवाचे क्रीडास्थान असल्याचे तो सांगतो. सत्ता लयाला गेल्यावर चार शतकांनीही एखाद्या नगराचा असा लौकिक कवींच्या मनात टिकावा, ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्या राजांचा वाडा आज उभा नाही. वैभवाच्या खुणा शोधणाऱ्याने वाशीमला पाण्याकडे वळावे. माहात्म्यकथा येथे १०८ तीर्थे असल्याचे सांगतात. त्यांतले पद्मतीर्थ सर्वांत प्रसिद्ध. विष्णूने ते निर्माण केले अशी श्रद्धा आहे. दुसरी कथा वासुकी राजाची : कुष्ठरोगाने गांजलेला हा राजा गावाबाहेरच्या एका लहानशा कुंडात उतरला, बरा झाला, आणि कृतज्ञतेने त्याने ते कुंड वाढवून मोठा तलाव केला. रोगमुक्तीच्या आशेने येथे स्नानाला येण्याची परंपरा जुनी आहे. कुष्ठरोगावर आज खात्रीचा औषधोपचार आहे, तो सोडून तीर्थावर विसंबू नये. पण राजा आणि पाणी यांचे नाते लोकांनी कसे जपले, हे या कथेतून दिसते.

त्या नात्याला शिलालेखाचाही आधार आहे. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील लेखात, देवसेन राजाचा सेवक स्वामिल्लदेव याने ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधविल्याची नोंद असून शके ३८० (इ. स. ४५८-५९) हा काळ दिलेला आहे. वाकाटक लेखांत एरवी राजाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. शकाचा असा स्पष्ट उल्लेख दुर्मीळ, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना या लेखाचे मोल फार. दीड हजार वर्षांपूर्वी पाणी अडविणाऱ्याचे नाव दगडावर राहिले, ही वऱ्हाडासारख्या पावसावर जगणाऱ्या मुलखाला अभिमानाची गोष्ट आहे.

मराठा काळात वाशीम पुन्हा भरभराटीला आले. साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी १७७९ च्या सुमारास बालाजीचे मंदिर उभारले. मूर्ती परचक्राच्या भीतीने पुरून ठेवल्या होत्या आणि पुढे योगायोगाने सापडल्या, असे गावात सांगतात. मंदिराजवळचा देव तलावही भवानी काळूंचाच. मध्यमेश्वराच्या देवळालाही आवर्जून जावे. ते पृथ्वीच्या दक्षिणोत्तर मध्यरेषेवर असल्याचे मानतात : भास्कराचार्यांनी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांच्याबरोबर वत्सगुल्माचेही नाव या रेषेवरील स्थळांत घातले आहे.

शहराभोवती आता सोयाबीन, तूर व कपाशीची शेते आहेत. रान पाहायचे तर अकोला व वाशीम जिल्ह्यांत पसरलेले काटेपूर्णा अभयारण्य, किंवा काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य गाठावे. उन्हाळ्यात वऱ्हाड तापते; पावसाळा सरल्यावर, तलावांत पाणी असताना आलेले बरे.