दीपक, आयएनएस

भारतीय नौदलाचे ताफा-पुरवठा जहाज. इटलीतील फिनकान्तिएरी कंपनीने बांधलेले हे जहाज जानेवारी २०११ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाले. जोडीचे ‘शक्ती’ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विशाखापट्टणमला आले. लांबी सुमारे १७५ मीटर, पूर्ण भारासह विस्थापन सुमारे २७,५०० टन. जहाजांचे व विमानांचे इंधन, गोडे पाणी, दारूगोळा आणि शिधा एवढे सगळे ते वाहून नेते. नौदलाची ताकद मोजताना क्षेपणास्त्रे आणि विनाशिका आधी मोजतात, पुरवठा जहाजे शेवटी. खरे तर हा क्रम उलटा हवा. ताफा बंदरापासून किती दूर जाईल आणि तिथे किती दिवस टिकेल, हे ही जहाजेच ठरवतात.

इंधन घेणारी युद्धनौका मागून येऊन पुरवठा जहाजाला समांतर होते. दोघांचा वेग साधारण १२ ते १५ नॉट आणि मध्ये पन्नासेक मीटर पाणी. आधी बंदुकीने एक बारीक दोरी पलीकडे फेकतात. तिच्यामागून जाड दोर जातो, मग पोलादी तार, आणि त्या तारेला लटकत इंधनाची नळी सरकत जाते. खुणेच्या निशाणांची आणखी एक दोरी दोन्ही जहाजांमध्ये ताणलेली असते. तिच्यावरून अंतर सतत वाचले जाते. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाण्याचा वेग वाढून दाब घटतो आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जातात, म्हणून सुकाणू एकेका अंशाने सावरत राहावे लागते. धोका दिसताच नळी सोडवून दूर होण्याचा सराव दोन्हीकडच्या खलाशांना असावाच लागतो. ‘दीपक’ एका वेळी चार जहाजांना इंधन देऊ शकते, ताशी १५०० टनांपर्यंत. चालत्या जहाजांमधील देवघेवीचे हे कौशल्य युद्ध सुरू झाल्यावर शिकता येत नाही.

इंधन कमी पडले की काय होते, याचे उदाहरण जुने आहे. मे १९४१ मध्ये जर्मनीची युद्धनौका ‘बिस्मार्क’ नॉर्वेहून टाक्या पूर्ण न भरताच निघाली. पुढे लढाईत पुढच्या टाक्यांना मार बसला आणि हाताशी उरलेल्या इंधनावर तिला फ्रान्सची वाट धरावी लागली. २७ मे रोजी ती बुडाली. याउलट ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या भारतीय क्षेपणास्त्र बोटी मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी घेतलेल्या, तोकड्या पल्ल्याच्या होत्या. त्या मोहिमेच्या गटात ‘पोषक’ हे टँकरही होते, याची आठवण नौदल दिनी क्वचितच निघते.

अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौका आल्यावर पुरवठा जहाजांची गरज संपेल, असे म्हटले जाते. पण अशा नौकेवरच्या विमानांना इंधन आणि माणसांना अन्न लागतेच, शिवाय सोबतच्या विनाशिका तेलावरच चालतात. मित्रदेशांची बंदरे आहेत, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेशी २०१६ मध्ये झालेला परस्पर रसद करार शांततेच्या काळात उपयोगीच आहे. मात्र युद्धात बंदर खुले ठेवायचे की नाही, हे यजमान देश स्वतःचे हित पाहून ठरवतो. तिसरा आक्षेप असा की एवढे मोठे, संथ जहाज शत्रूला आयते लक्ष्य ठरते. ते खरेच आहे. ७ मे १९४२ रोजी कोरल समुद्रात जपानी विमानांनी अमेरिकेचे टँकर ‘निओशो’ विमानवाहू नौका समजून निकामी केले आणि सोबतची विनाशिका ‘सिम्स’ बुडवली. पण यातून संरक्षक नौकांची आणि जादा टँकरांची गरज सिद्ध होते. टँकर नकोत, असे नव्हे.

पुरवठा जहाजाचा उपयोग युद्धापुरता नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवमधील माले येथील खारे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागल्यावर ‘दीपक’ने तिथे पिण्याचे पाणी पोहोचवले. तरीही भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे ताफे आणि दोन विमानवाहू नौका यांच्यासाठी ज्योती, आदित्य, दीपक आणि शक्ती ही चार जहाजे अपुरी आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी प्रत्येकी सुमारे ४४,००० टनांच्या पाच नव्या पुरवठा जहाजांचा करार झाला. तो निदान दहा वर्षे आधी व्हायला हवा होता.