मंडळीचें गाणें

गंगाखेड हें संत जनाबाईचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. आणि नामदेवांच्या नांवानें ओळखली जाणारी नर्सी १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच मोडत असे. या भूमींत भजन कोणी शिकवावें लागत नाहीं. एकानें चरण उचलावा, टाळकऱ्यांनीं तो झेलावा, आणि तिसऱ्या आवर्तनास खांबाला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यानेंहि त्यांत आपला आवाज मिसळावा, अशी येथील रीत. ज्यांस अक्षरओळख नव्हती अशांसहि कित्येक अभंग मुखोद्गत असत, त्याचें कारण ही रीतच होय.

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळ्यांमध्यें आज तरुण गायक-वादकांचे संच गिटार, कीबोर्ड व ड्रम घेऊन रविवारच्या उपासनेस उभे राहतात. कोणतें वाद्य घ्यावें, किती मोठ्यानें वाजवावें, असे त्यांचे प्रश्न असतात. आमच्या मतें त्यांच्या आधीं विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: गाणार कोण, संच कीं मंडळी? मराठींत या प्रश्नाला चारशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो या तरुणांच्या उपयोगीं पडण्याजोगा आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्यें गोव्यास आले, व त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें छापून निघालें. त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. हा ग्रंथ रोमन लिपींत छापला गेला, पण छंद त्यांनीं दळणाकांडणाच्या वेळीं बायकांच्या तोंडीं असणारा घेतला. ज्यांच्या हातून जुनीं पुराणें गेलीं होतीं, त्यांच्या कानांस पुराणाची चाल मात्र सुटलेली नाहीं, हें त्या परदेशी पाद्र्यानें नेमकें हेरलें.

दोनशें वर्षांनीं आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपुढें तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १८१३ त ते मुंबईस उतरले, १८३१ त त्यांनीं अहमदनगरास ठाणें केलें, आणि आपल्या देशाचीं स्तोत्रें भाषांतरून मूळच्या चालींवर बसविलीं. येथें अडचण उत्पन्न झाली. इंग्रजी चालींत आघाताचीं स्थानें ठरलेलीं असतात. मराठी शब्द आघातावर चालत नाहीं, त्याला ऱ्हस्व-दीर्घाचें वजन असतें. चालीचा लांब स्वर ‘करुणा’ या शब्दांतील ऱ्हस्व ‘रु’वर पडला, कीं तें अक्षर ताणलें जातें आणि शब्द परका वाटूं लागतो. आमच्या अभंगांतहि अक्षरें ताणतात, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. पण मोठ्या अभंगाचा हिशेब सहा, सहा, सहा व चार अशा अक्षरांचा, म्हणून गाणारा अर्थ पाहून हवें तेथें ताणतो, आणि तोच अभंग निरनिराळ्या चालींत व तालांत बसतो. शिवाय इंग्रजी स्तोत्राचे चार आवाज नीट लागावयाचे, तर स्वरलिपि वाचणारे गायक हवेत. शहरांतील ऑर्गनच्या प्रार्थनामंदिरांत हें साधे. खेड्यांतील दहा बाय पंधराच्या खोलींत काय साधणार?

या कोंडींतून वाट काढणारांत कृष्णराव सांगळे व नारायण वामन टिळक हीं दोन नांवें प्रमुख होत. सांगळ्यांनीं ख्रिस्ती विषयांवर कीर्तन उभें केलें. टिळक १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले आणि १९१९ मध्यें वारले. या चोवीस वर्षांत त्यांनीं रचिलेलीं शंभराहून अधिक गीतें मराठी उपासनेच्या पुस्तकांत जाऊन बसलीं. लक्ष्मीबाईंनींहि कीर्तनें केलीं. टिळकांचें मोठेपण केवळ भक्तिभावांत नाहीं. त्यांचीं पुष्कळ पदें पहिल्या ऐकण्यांतच अर्धीं पाठ होतात, आणि हा गुण समूहगीताच्या कर्त्याला काव्यगुणाइतकाच अवश्य आहे.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. देशी वाद्य तेवढें आपलें, असें म्हणणें आम्हां शिकलेल्यांस सोपें आहे. परंतु मराठवाड्यांतील ख्रिस्ती झालेल्यांपैकीं अनेक घराणीं अशा समाजांतलीं, कीं ज्यांच्यावर गांवची हलगी वाजविण्याचें काम जन्मानेंच लादलेलें होतें. ती हलगी देवळाच्या बाहेर उभें राहून वाजवावयाची असे. अशा घरांतील मुलानें तिच्याऐवजीं गिटार हातीं धरली, तर त्यास परकीयांचें अनुकरण म्हणून हिणविणें हा अन्याय आहे. उलट एखाद्या मंडळीनें तीच हलगी आपखुशीनें वेदीपाशीं आणली, तर त्या कृतीचा अर्थहि आम्ही समजून घेतला पाहिजे. निवड त्यांची आहे. आणि पेटी तरी कोठली? ती पॅरिसहून निघाली, कलकत्त्यास द्वारकानाथ घोषांच्या हातीं बसून वाजविण्याजोगी झाली, आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेविलें, आणि तेवढ्या काळांत महाराष्ट्रांतील एकहि भजनी मंडळ तिच्यावांचून अडून बसल्याचें किंवा तिला सोडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं!

तेव्हां वाद्य कोणतेंहि असो. पट्टी मात्र मंडळीची हवी. गीतांतील सर्वांत उंच स्वर साधारण गळ्याच्या बाईला व बुवाला ओरडल्यावांचून लागतो कीं नाहीं, हें पाहून ती ठरवावी. कीबोर्डाची पट्टी एका बटणानें बदलते, गिटारीला कॅपो लावतां येतो. गळ्याला तशी सोय नाहीं. नवें गीत महिन्यास एकच घ्यावें, आणि तें भजनाच्या रीतीनें, चरण सांगून व चरण घेऊन, शिकवावें. ध्रुपद लोकांनीं उचललें, कीं मुख्य गायकानें ध्वनिक्षेपकापासून हातभर मागें सरावें; तान घेण्याचा मोह तेथेंच होतो, आणि त्या तानेबरोबर मंडळी गप्प होते. ढोलक्यानें व ड्रमवाल्यानें एखादें ध्रुपद हात राखून सोडावें, म्हणजे लोकांस एकमेकांचा आवाज ऐकूं येईल. सिनेमाची चाल घ्यावयाची तर जपून घ्यावी. कीर्तनकारांनीं नाटकांच्या चाली घेतल्या हें खरें, पण चालीबरोबर मूळचे शब्दहि मनांत शिरतात. तालीम उपासनेच्या जागींच करावी. पत्र्याच्या छपराखालीं आवाज घुमतो, आणि पावसाळ्यांत पावसाशीं स्पर्धा करणारा संच सर्वांचेंच गाणें बुडवितो.

मराठवाड्यांत वीज न सांगतां जाते. ती उपासनेच्या मध्येंच गेली, म्हणजे संचाच्या प्रमुखानें कान देऊन ऐकावें. जें गीत त्या अंधाऱ्या शांततेंतहि लोक शेवटच्या कडव्यापर्यंत नेतात, त्याचें नांव वहींत टिपून ठेवावें, आणि पुढील महिन्याची निवड त्या वहीवरून करावी.