चित्र कोणाचे, दुकान कोणाचे?

ऑस्ट्रेलियातील आदिवासींची ठिपक्यांची चित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत मानाने विराजमान झाली आहेत. परंतु ज्या हातांनी ती रेखाटली, त्या हातांत काय पडले, हे आपण सहसा विचारीत नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे तर आपल्याला पापुन्या या वस्तीचा इतिहास पाहावा लागतो.

ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे 240 किलोमीटरवर, वाळवंटात सरकारने ही वस्ती वसविली. पिंटुपी, लुरिचा, वालपिरी अशा निरनिराळ्या जमातींना त्यांच्या भूमीपासून दूर आणून येथे ठेवण्यात आले. त्यांनी गोऱ्यांच्या रीतिभातीत विरघळून जावे, हे शासनाचे धोरण होते. 1971 साली जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तेथील वडीलधाऱ्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या पूर्वजकथेचे चित्र काढले. एरवी वाळूवर नि अंगावर उमटणाऱ्या खुणा आता भिंतीवर आल्या. पुढे त्या भिंतीवर रंग फासला गेला. परंतु तोवर फळ्या आणि रंग चित्रकारांच्या हाती आले होते.

1972 साली त्यांनी ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही कंपनी स्थापिली. तिचे मालक आदिवासीच. आमच्या मते या इतिहासातील खरी मोलाची घटना हीच. चित्र विकणारे दुकान चित्रकाराचे झाले. कंपनीने कॅनव्हास व रंग पुरवावे, चित्रामागील कथा नोंदवावी आणि विक्रीचा लाभ समाजाकडे परत न्यावा, अशी ही व्यवस्था. तीत पैशापलीकडचाही एक हक्क होता. आरंभीच्या काही फळ्यांवर केवळ दीक्षित पुरुषांनी पाहावयाच्या पवित्र खुणा उमटल्या, तेव्हा आदिवासींतूनच तीव्र आक्षेप आला आणि चित्रकारांनी त्या खुणा वगळल्या वा झाकल्या. काय दाखवावे आणि काय राखून ठेवावे, हे ठरविणारा गिऱ्हाईक नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

तरीही न्याय पुरता झाला नव्हता. क्लिफर्ड पॉसम जापालजारी यांचे ‘वारलुगुलाँग’ हे विशाल चित्र 1977 साली 1,200 ऑस्ट्रेलियन डॉलरला विकले गेले. 2007 साली लिलावात त्याला 24 लाख डॉलर मिळाले. चित्रकार 2002 सालीच निवर्तले होते, आणि त्या फेरविक्रीतील वाटा वारसांना देण्याचे बंधन कायद्यात नव्हते. त्याच वर्षी सिनेटच्या समितीने या व्यापारातील लुबाडणुकीचा अहवाल मांडला. अखेर 2009 साली कायदा झाला व जून 2010 पासून अमलात आला. 1,000 डॉलर वा अधिक किमतीच्या फेरविक्रीवर चित्रकाराला, आणि त्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षे वारसांना, पाच टक्के वाटा मिळू लागला. मात्र कायदा अमलात आल्यानंतरची पहिली फेरविक्री त्यातून वगळलेली होती.

दुकान आपले असले म्हणजे काय साधते, याचा दाखला किंटोर या दूरच्या वस्तीने दिला. तेथील मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तशुद्धीच्या उपचारासाठी पाचशेहून अधिक किलोमीटरवरील ॲलिस स्प्रिंग्जला कायमचे राहावे लागे. आप्तांपासून दूर, परक्या भूमीत त्यांचे अखेरचे दिवस जात. तेव्हा पापुन्या तुलाच्या चित्रकारांनी मिळून मोठी चित्रे रंगविली. 2000 साली सिडनीच्या कलासंग्रहालयात झालेल्या लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. 2004 साली किंटोरमध्येच उपचार सुरू झाले. ज्या भूमीची चित्रे त्यांनी काढली, त्याच भूमीवर परतण्याची वाट चित्रांनी मोकळी केली.

चित्र विकत घेताना आपण त्याची किंमत विचारतो. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात, असे आम्हांस वाटते: हे कोणी काढले, आणि त्याला यातून किती मिळणार? ज्या दुकानदाराला याचे सरळ उत्तर देता येत नाही, त्याचे चित्र भिंतीवर कितीही शोभले तरी घरात आणू नये.