मेंदूच्या नीलांतील गुठळी : पुनरावृत्तीचा धोका

मेंदूतील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नीलांत रक्त गोठून होणारा विरळ आजार. रुग्णालयांत ‘सीव्हीटी’ म्हणून ओळखला जातो. पक्षाघाताच्या रुग्णांत त्याचा वाटा जेमतेम एक टक्का. रुग्ण मात्र बहुधा तरुण.

महाराष्ट्रात हा फार काळ बाळंतिणीचा आजार मानला गेला. बाळंतिणीला पाणी मोजून देण्याच्या पद्धतीला तेव्हा दोष दिला जाई. आता पंडुरोग, संसर्ग व प्रसूतीनंतर वाढलेली रक्ताची गोठणक्षमता यांकडे अधिक लक्ष दिले जाते. मात्र हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४२८ रुग्णांच्या नोंदीत पुरुषच किंचित जास्त आढळले.

पुनरावृत्ती : २१ देशांतील ६२४ रुग्णांच्या पाहणीत (२००४) सुमारे सोळा महिन्यांत २.२ टक्के रुग्णांना मेंदूत पुन्हा गुठळी झाली. शरीरात अन्यत्र ४.३ टक्क्यांना. म्हणून नंतर पाय सुजला तरी दुर्लक्ष करू नये.

रक्तदोष : पुन्हा गुठळी होण्याचा धोका काही अंशी यांवर ठरतो. परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्थेने सहाशेहून अधिक रुग्ण तपासले, त्यांत गुठळी रोखणाऱ्या प्रोटीन-एसची कमतरता हा सर्वाधिक आढळलेला आनुवंशिक दोष होता. प्रोटीन-एसची चाचणी चुकीच्या वेळी केली तर फसवते : ताजी गुठळी, गरोदरपण आणि वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असणे या तिन्ही अवस्थांत प्रोटीन-एस कमीच भरते. अशा अहवालावरून जन्मभराचे औषध ठरवणे योग्य नाही. गुठळीला कारण ठरणाऱ्या फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांची चाचणी सकारात्मक आल्यास ती बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

औषधकाल : रक्त पातळ ठेवणारे औषध तात्पुरते कारण असल्यास तीन ते सहा महिने, कारण न सापडल्यास सहा ते बारा, गंभीर रक्तदोषात किंवा गुठळी पुन्हा झाल्यास दीर्घकाळ. वॉर्फरिन घेताना रक्त गोठण्याचा वेग दाखवणारा आयएनआर हा आकडा साधारण २ ते ३ ठेवतात. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरातील रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञासाठी कळवा किंवा मुंबई गाठावी लागली, तरी आयएनआरची चाचणी गावातल्या प्रयोगशाळेत करून घेता येते. यंत्रमागावरची पाळी बुडते म्हणून ती टाळू नये.

पुढील गरोदरपण : सहसा निषिद्ध नाही, हेपारिनची इंजेक्शने देतात. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या वर्ज्य.

बालके : कान व त्यामागील मास्टॉइड हाडाचा संसर्ग, निर्जलीभवन ही ठळक कारणे.

वाढत जाणारी डोकेदुखी, दुहेरी दिसणे वा फिट येणे यांपैकी काहीही पुन्हा उद्भवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि पूर्वीच्या गुठळीची माहिती डॉक्टरांना आधी सांगावी.