बर्फावरील हॉकी : गोलांची गणती आणि सामन्यांची गणती

कोणत्याहि खेळाचा निकाल वर्तमानपत्रांत वाचतांना वाचकाची दृष्टि प्रथम आंकड्यांकडे जाते, आणि त्या आंकड्यांवरूनच तो दोन्ही संघांच्या बलाबलाचा निर्णय करून टाकतो. निकाल १-० असला म्हणजे झुंज तुल्यबळांची झाली, आणि ८-१ असला म्हणजे हरलेला संघ अगदींच दुबळा होता, असें अनुमान काढण्यास त्याला क्षणाचाहि विलंब लागत नाहीं. हें अनुमान कितपत खरें आहे, याचा कस पाहावयाचा असेल तर कॅनडा व अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें या देशांतील धंदेवाईक बर्फावरील हॉकीचा इतिहास पाहावा. २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत या खेळाच्या निर्णायक टप्प्यांत ९-६, ७-०, ९-३, ८-१ असे निकाल लागले. चषकाच्या झुंजींतील चुरस आतां संपली काय, असा प्रश्न अशा वेळीं कोणाच्याहि मनांत उभा राहणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर मात्र शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासांत शोधावें लागतें.

हा खेळ भारतांत परिचित असलेल्या हॉकीहून बराच निराळा आहे. मैदान बर्फाचें, खेळाडूंच्या पायांत पात्यांचे बूट, चेंडूच्या जागीं कठीण रबराची चपटी चकती, आणि प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून अवघे सहा खेळाडू. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. मैदानावर आडव्या दोन निळ्या रेघा असून त्यांच्या योगानें त्याचे तीन भाग पडतात. वर्षाचा हंगाम संपला म्हणजे निवडक सोळा संघांमध्यें चषकासाठीं चार फेऱ्या खेळल्या जातात. यांनाच प्ले-ऑफ असें म्हणतात. प्रत्येक फेरी सात सामन्यांची असून त्यांतील चार सामने जो आधीं जिंकेल तो पुढें जातो. या झुंजीचें बक्षीस म्हणजे स्टॅन्ले चषक. कॅनडाचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनीं तो १८९२ सालीं देऊं केला, आणि १८९३ सालीं तो प्रथम माँट्रिअलच्या एका संघास मिळाला.

आरंभींच्या काळांत हा चषक आव्हानाचा होता. कोणत्याहि गांवच्या संघानें आव्हान द्यावें आणि विश्वस्तांनीं तें मान्य करावें, अशी रीत होती. १९०५ सालीं उत्तरेकडील युकॉन प्रांतांतल्या डॉसन या सोन्याच्या खाणींच्या गांवानें ऑटावाच्या बलाढ्य संघास आव्हान दिलें. डॉसनचे खेळाडू कांहीं पायीं, कांहीं सायकलवर, कांहीं कुत्र्यांच्या गाडीनें, पुढें आगगाडीनें आणि आगबोटीनें असा सुमारें ४,००० मैलांचा प्रवास करून तीन आठवड्यांनीं ऑटावास पोहोंचले. पहिला सामना ऑटावानें ९-२ असा जिंकला. दुसऱ्याचा निकाल २३-२ असा लागला. एका डोळ्यानें अंध असलेल्या फ्रँक मॅकगी या खेळाडूनें त्या एका सामन्यांत १४ गोल केले. हा सामना खरोखरच विषमांचा होता. एका बाजूस देशांतील उत्कृष्ट संघ, तर दुसऱ्या बाजूस प्रवासानें थकलेले हौशी खेळाडू. येथें आंकडा बोलतो तेंच सत्य आहे, यांत शंका नाहीं. परंतु पुढील इतिहासांतील सर्वच मोठे आंकडे या मापानें मोजतां येत नाहींत.

१९१७ च्या नोव्हेंबरमध्यें माँट्रिअल येथें नॅशनल हॉकी लीगची स्थापना झाली. तिच्या पहिल्या दोन दशकांत पुष्कळशा फेऱ्या दोन सामन्यांच्या असत, आणि दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून विजेता ठरविला जाई. या पद्धतींत एकेका गोलास सावकारी हिशेबाचें मोल होतें. पहिला सामना सहा गोलांनीं हरलेला संघ दुसऱ्या दिवशीं तें सहा गोलांचें कर्ज डोक्यावर घेऊनच मैदानांत उतरे. १९३६ पर्यंत ही पद्धति कांहीं फेऱ्यांत टिकली. त्यानंतर सर्वत्र गोलांऐवजीं सामन्यांची गणती होऊं लागली. हा बदल वरवर किरकोळ वाटतो. पण त्यानें पराभवाचा अर्थच पालटला. एका गोलानें हरलें काय किंवा दहा गोलांनीं हरलें काय, खात्यावर पराभव एकच मांडला जाऊं लागला, आणि पुढचा सामना पुन्हां शून्यापासून सुरू होऊं लागला.

गोलांची संख्या वाढते किंवा घटते ती मुख्यतः खेळाडूंच्या कौशल्यानें, असा सामान्य समज आहे. इतिहास मात्र निराळेंच सांगतो. १९२८-२९ च्या हंगामांत माँट्रिअलच्या जॉर्ज हेन्सवर्थ या गोलरक्षकानें ४४ पैकीं २२ सामन्यांत प्रतिपक्षास एकहि गोल करूं दिला नाहीं. त्या वर्षीं दोन्ही संघांचे मिळून सामन्यास सरासरी तीन गोलहि होत नसत. चढाईच्या भागांत चकती पुढें सरकवून सोबत्याला देण्यास बंदी होती, हें त्याचें कारण. १९२९ मध्यें ही बंदी उठतांच गोलांचा पूर लोटला. खेळाडू आधींच जाऊन प्रतिपक्षाच्या गोलपुढें ठाण मांडून बसूं लागले. तेव्हां त्याच हंगामाच्या मध्यावर, डिसेंबरमध्यें, चकतीच्या आधीं कोणीं निळी रेघ ओलांडूं नये असा नियम करावा लागला. तरीहि वर्षअखेर सरासरी जवळजवळ दुप्पट, म्हणजे सहाच्या आसपास गेली. खेळाडू तेच, मैदान तेंच. पण एका नियमानें गोल दुप्पट झाले.

१९३६ च्या मार्चमध्यें डेट्रॉइट आणि माँट्रिअल मरून्स यांचा प्ले-ऑफमधील सामना नियमित साठ मिनिटें गोलशून्य राहिला. त्यानंतर जादा वेळाचे सहा डाव झाले, आणि जादा वेळाच्या ११७ व्या मिनिटास, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मड ब्रूनेटो या नवख्या खेळाडूनें एकमेव गोल केला. लीगच्या इतिहासांतील सर्वांत लांबलेला सामना तो हाच. यानंतर आठच वर्षांनीं, ३० मार्च १९४४ रोजीं, माँट्रिअल कॅनेडियन्सनें टोरोंटोचा ११-० असा धुव्वा उडविला. लीगच्या प्ले-ऑफमध्यें एवढ्या फरकाचा विजय त्यानंतर कोणासहि मिळालेला नाहीं. या अंतराचें कारण शोधूं जातां दोन गोष्टी आढळतात. १९४३ मध्यें मैदानाच्या मध्यभागीं तांबडी रेघ आंखण्यांत आली, आणि स्वतःच्या भागांतून त्या रेघेपर्यंत चकती देण्याची मुभा मिळाल्यानें खेळ वेगवान झाला. दुसरें कारण महायुद्धाचें. अनेक खेळाडू सैन्यांत गेल्यानें कांहीं संघ पार खिळखिळे झाले होते. न्यूयॉर्क रेंजर्सनें त्या वर्षीं पन्नास सामन्यांत अवघे सहा जिंकले. तरी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ११-० असा हरलेल्या टोरोंटोनेंच त्या फेरीचा पहिला सामना ३-१ असा जिंकला होता.

युद्धानंतर दीर्घ काळ लीगमध्यें सहाच संघ होते. १९६७ सालीं ते बारा झाले, १९७९ मध्यें एकवीस झाले, आणि चांगल्या खेळाडूंची वांटणी विरळ होत गेली. १९८१-८२ मध्यें सरासरी सामन्यास आठ गोलांवर गेली. हा काळ एडमंटन ऑयलर्स या वेगवान संघाचा आणि वेन ग्रेट्झ्की या असामान्य खेळाडूचा. १९८५ मध्यें या संघानें शिकागोविरुद्ध सहा सामन्यांत ४४ गोल केले, तर ९ एप्रिल १९८७ रोजीं लॉस एंजलिसविरुद्ध एकाच सामन्यांत १३. तथापि येथेंहि आंकड्यांमागील कथा पाहिली पाहिजे. १९८५ मध्यें ११-२ व ७-३ असे हरलेल्या शिकागोनें पुढचे दोन सामने जिंकून बरोबरी साधली होती. आणि १३-३ असा सामना हरणाऱ्या लॉस एंजलिसनें त्याच्या आदल्याच सामन्यांत एडमंटनला ५-२ असें नमविलें होतें. १९८२ मध्यें तर याच लॉस एंजलिसनें हंगामांत आपल्याहून कितीतरी वरचढ ठरलेल्या एडमंटनला प्रथम १०-८ असें हरविलें. पुढें एका सामन्यांत शेवटच्या डावाच्या आरंभीं ०-५ असें पिछाडीवर असतां तो ६-५ असा जिंकला, आणि अखेर ती फेरीहि जिंकली.

नंतर पुन्हां ओहोटी लागली. गोलरक्षकांचीं संरक्षक साधनें मोठीं झालीं, गुडघे टेकून पायांनीं गोलचा खालचा भाग अडविण्याचें तंत्र रूढ झालें, आणि मैदानाच्या मध्यभागींच प्रतिपक्षाची कोंडी करण्याचा डावपेंच प्रशिक्षकांनीं पक्का केला. न्यू जर्सीनें १९९५ चा चषक याच बळावर मिळविला. २००३-०४ मध्यें सरासरी पांचाच्या थोडी वर उरली. २००४-०५ चा सबंध हंगाम मालक व खेळाडू यांच्या तंट्यामुळें बुडाला. खेळ पुन्हां सुरू झाला तेव्हां मधली रेघ ओलांडून चकती देण्याची मोकळीक मिळाली, गोलरक्षकांचीं साधनें आंखूड केलीं गेलीं आणि अडवणुकीस कडक दंड होऊं लागला. गोल लागलीच वाढले. २०२१-२२ मध्यें सरासरी सहाच्या बरीच वर गेली. इतकी ती १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर कधींच गेली नव्हती.

परंतु गोल वाढले म्हणून सामने एकतर्फी कां व्हावेत? याचें रहस्य त्या १९३६ च्या बदलांत आहे. पराभवाची किंमत एकच ठरल्यावर दोन गोलांनीं मागें पडलेल्या संघास उरलेले गोल वांचविण्यांत कांहींच लाभ नसतो. तो बचाव सैल सोडून सर्व बळानिशीं चढाई करतो. शेवटच्या मिनिटांत गोलरक्षकासहि बाहेर काढून त्याच्या जागीं सहावा चढाईचा खेळाडू आणतो, आणि रिकाम्या गोलांत प्रतिपक्ष सहज चकती ढकलतो. चिडलेल्या खेळाडूंस दंड होऊन दोन-दोन मिनिटें एक माणूस कमी पडतो. सामना हातचा गेला असें दिसतांच प्रशिक्षक मुख्य गोलरक्षकास विश्रांति देऊन दुय्यमास उभा करतो. अशा रीतीनें ३-१ चा निकाल पाहतां पाहतां ७-१ होतो. यांत दुबळेपणापेक्षां हिशेबी धाडसच अधिक असतें.

याचे दाखले पुष्कळ आहेत. १९९६ च्या अंतिम फेरींत कोलोरॅडोनें फ्लोरिडाला दुसऱ्या सामन्यांत ८-१ असें हरविलें. त्याच फेरीच्या चौथ्या सामन्यांत मात्र एका गोलासाठीं जादा वेळाचे तीन डाव खेळावे लागले. २०११ च्या अंतिम फेरींत बोस्टननें एकंदर २३ गोल केले, व्हँकुव्हरनें अवघे ८; तरीहि निकालासाठीं सातवा सामना खेळावा लागला. २०२२ मध्यें कॅल्गरीनें एडमंटनला ९-६ असें हरविलें, आणि त्यानंतरचे चारहि सामने ते हरले. २०२४ ची अंतिम फेरी तर या साऱ्यावर कळस चढविणारी ठरली. फ्लोरिडानें पहिले तीन सामने जिंकले. चौथ्यांत एडमंटननें ८-१ असा सूड घेतला आणि पुढचे दोन जिंकून बरोबरी केली. शेवटचा सामना फ्लोरिडानें २-१ असा जिंकला. सातहि सामन्यांतील गोलांची बेरीज केली तर एडमंटनचे २३ आणि फ्लोरिडाचे १८ भरतात. जुन्या हिशेबानें चषक एडमंटनच्या घरीं गेला असता.

यावरून गोलांची भरती पाहून खेळाच्या ऱ्हासाची चिंता करणाऱ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. गोलांची भरती-ओहोटी बहुतांशीं नियम करणाऱ्यांच्या हातची असते. दर पिढीनें दुष्काळ पडला कीं दार उघडलें आहे आणि पूर आला कीं बांध घातला आहे. आणि प्रचंड फरकानें झालेला पराभव हा त्या रात्रीपुरताच असतो. चार हजार मैल चालून आलेल्या डॉसनच्या खेळाडूंना दुसऱ्या पराभवानंतर तिसरी संधि नव्हती. आजच्या खेळाडूस ती चौथा पराभव होईपर्यंत मिळत राहते. काल सात गोल खाल्लेला गोलरक्षक दुसऱ्या सामन्यास पुन्हां त्याच चौकटींत उभा राहतो, आणि आंकड्यांच्या फळ्यावर दोन्ही बाजूंस शून्य लिहिलेलें असतें. चषकाची खरी चुरस त्या कोऱ्या फळ्यांत आहे.