मरीआईचा गाडा आणि प्रवाशाचा तांब्या



आमच्या मालेगावकडच्या आणि खानदेशातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात मरीआईचा गाडा अजून येतो. गावात पटकीची साथ शिरली की मरीआईला लहानशा लाकडी गाड्यात बसवायचे, हळदकुंकू, लिंबू, नारळ वाहायचे आणि वाजतगाजत तो गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आणखी पुढच्या शिवेवर न्यायचा. रोग गेला नाही तरी शेजाऱ्याच्या दारात गेला, एवढेच समाधान. आज आपण या चालीला हसतो. पण इतिहास उघडून पाहिला तर मोठमोठ्या सरकारांनीही हाच गाडा ओढलेला दिसतो. प्रवाशाच्या आरोग्याची गोष्ट ही बरीचशी या गाड्याचीच गोष्ट आहे.

उष्ण देशात जाताना प्रकृती कशी सांभाळावी, यावर गोऱ्या लोकांनी पुष्कळ पुस्तके लिहिली. ती त्यांच्या सोयीची होती. आपण तर उष्ण देशातच जन्मलो. शिक्षकबंधूंनी वर्गात नकाशा लावून मुलांना दाखवावे : मालेगाव साडेवीस अंश उत्तरेला, आणि मक्का सव्वाएकवीस अंशांच्या थोडी वर. म्हणजे दोन्ही गावे कर्कवृत्ताच्या आत, जवळजवळ एकाच पट्ट्यात. मालेगावचा विणकर हजला निघाला, की तो एका उन्हातून दुसऱ्या उन्हात जातो. मग सांभाळायचे काय? पहिले उत्तर असे की, पाणी.

पोटाचा हा रोग आपल्याकडे जुना. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली छापलेल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. त्याने दिलेले नाव आपल्याच ‘मोडशी’ या शब्दावरून आलेले आहे. परदेशी आलेल्या त्या प्रवाशाने रोगाचे नाव इथल्या लोकांकडूनच घेतले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८१७ साली बंगालात जेसोरकडे पटकीने उग्र रूप धरले. लष्कराच्या छावण्या, व्यापारी आणि यात्रेकरू यांच्या वाटेने ती पसरत गेली आणि १८१८ मध्ये दख्खनेत उतरली. त्याच वर्षी मे-जूनमध्ये इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला होता. फौजा चालत होत्या, त्यांच्यामागे बाजारबुणगे चालत होते आणि सगळे एकाच ओढ्याचे पाणी पीत होते. रोगाला आणखी काय हवे?

पुढे आगबोटी आल्या. मोसम आणि गिरणा यांच्या काठच्या या गावात एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून विणकर येऊन वसले. त्यांच्यातल्या यात्रेकरूंनी मनमाड गाठायचे, तिथून रेल्वेने मुंबई आणि मुंबईहून बोटीने जेद्दा. हजचा हा समुद्रमार्ग १९९५ पर्यंत चालू होता. याच तांबड्या समुद्राच्या वाटेवर १८६५ साली अनर्थ झाला. त्या वर्षी मक्केत पटकीने सुमारे १५,००० यात्रेकरू दगावले, असा तेव्हाचा अंदाज आहे. परतणाऱ्या बोटींबरोबर रोग सुएझला गेला, अलेक्झांड्रियाला गेला आणि तिथून युरोपच्या बंदरांत पोचला.

आता युरोप घाबरला. १८६६ मध्ये इस्तंबूलला अनेक राष्ट्रांचे वैद्य आणि मुत्सद्दी जमले. पटकीचे मूळ हिंदुस्थानात आहे आणि माणसे ती वाहून नेतात, असा त्यांचा निर्णय झाला. तो पुष्कळसा खराच होता. पण उपाय कोणता? तर यात्रेकरूला वाटेत अडवा. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर १८८२ पासून क्वारंटीनचे ठाणे चालले. हिंदुस्थानातून आलेल्या हाजींना तिथे उतरवायचे, त्यांचे कपडे वाफवून काढायचे आणि कित्येक दिवस ताटकळत ठेवायचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर १८९७ साली मुंबईहून हजला जाणेच बंद करण्यात आले. वाट अडवणे कधी गरजेचे असते, हे नाकारता येणार नाही. पण नुसती वाट अडवणे म्हणजे पुन्हा मरीआईचा गाडाच. फक्त त्याच्यावर सरकारी शिक्का.

याच काळात काही थोडी माणसे मात्र शिवेकडे न बघता तांब्याकडे बघत होती. १८५४ मध्ये लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी पटकीचा संबंध जोडून दाखवला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या रुग्णांत आणि तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ साली पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ती घेऊन ते हिंदुस्थानात आले. प्लेगची लसही त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्रथम स्वतःलाच टोचली. परळच्या संस्थेला त्यांचे नाव आहे ते यासाठी.

आपल्या वारकऱ्यांनाही हा इतिहास ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास पंढरीच्या वाटेवर पटकीची सुई टोचून घ्यावी लागे. पण त्या वेळच्या लसीचा गुण थोडे महिनेच टिके आणि तिने साथ अडत नसे, हे अनुभवाने कळले. म्हणून १९७३ साली पटकीच्या दाखल्याची सक्ती आंतरराष्ट्रीय नियमांतून काढून टाकण्यात आली. १९७१ मध्ये बंगालात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे पटकीचे रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. त्यांनी मीठ, साखर आणि सोडा घातलेले पाणी नातेवाइकांच्या हाती दिले आणि पाजत राहा म्हणून सांगितले. मरणाचे प्रमाण झरझर खाली आले. ज्या पाण्याने रोग आणला, त्याच पाण्याने जीव राखला. मध्ये फक्त ज्ञान आले.

तरी गाडा थांबला का? एप्रिल २०२० मध्ये मालेगावात कोविडचे रुग्ण सापडू लागले. राज्यात गावोगाव वेशीवर काटे पडले होते. मालेगावचे नाव ऐकताच माणसे दोन पावले मागे सरत. या वेळी गाड्यात आम्ही होतो. जून २०२४ मध्ये हजच्या वेळी कडक उन्हात १,३०१ माणसे मेल्याचे सौदी सरकारने सांगितले. त्यांतले बहुतेक विनापरवाना आलेले, म्हणजे ज्यांच्या वाट्याला सावली आणि सोय आली नाही असे होते. शिवेबाहेर ठेवलेला माणूसच आधी मरतो, हा धडा जुनाच आहे.

म्हणून, मंडळी, तुम्ही हजला निघा, पंढरीला निघा, चैत्रात सप्तशृंगीच्या गडाला पायी निघा, नाहीतर नोकरीसाठी आफ्रिकेत जा. काही गोष्टी गाठीला बांधा. पाणी उकळून प्या. खाण्याआधी आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवा. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट घ्या; चमचा चहाचा. जुलाब थांबेनात तर दवाखाना गाठा. भर दुपारी चालू नका, तहानेची वाट न बघता पाणी प्या. डासांपासून जपा, आणि परतल्यावर ताप आला तर कुठे जाऊन आलो ते डॉक्टरांना आधी सांगा. हजला जाणाऱ्याने मेंदूज्वराची लस चुकवू नये. १९८७ च्या हजमध्ये त्याची साथ आली आणि परतणाऱ्यांबरोबर देशोदेशी पोचली. आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशांत जाणाऱ्याने निदान दहा दिवस आधी लस घ्यावी. तिचा दाखला आता जन्मभर चालतो.

यात भिण्यासारखे काही नाही, आणि लाजण्यासारखे तर नाहीच. जो प्रवासी आपला तांब्या स्वच्छ ठेवतो, तो स्वतःबरोबर वाटेवरचे प्रत्येक गाव राखतो. आणि जे गाव आल्यागेल्याला उकळलेले पाणी देते, त्याला शिवेवर गाडा ओढत नेण्याची पाळी येत नाही.