सहा तास बॅटरीवर: १९९१ मध्ये न्यूयॉर्कचे फोन का बंद पडले?

आज एका अशा बिघाडाची गोष्ट, जो झाला सकाळी आणि कळला संध्याकाळी. मधले सहा तास सगळं मस्त चालू होतं. खरी भानगड तिथेच आहे.

तारीख १७ सप्टेंबर १९९१. ठिकाण न्यूयॉर्क, मॅनहॅटन, ३३ थॉमस स्ट्रीट. ही एटी अँड टीची इमारत १९७४ मध्ये बांधून झाली. एवढी उंच, पण खिडकी एकही नाही. कारण ती मुळात टेलिफोनच्या यंत्रांसाठीच बांधली होती.

आता दोन मिनिटं टेक्निकल. घरातली लाईट गेली तरी जुना लँडलाईन चालायचा, आठवतंय? कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून यायची, तीही उणे ४८ व्होल्ट डीसी. ४८ का? लेड-ॲसिड बॅटरीचा एक सेल साधारण २ व्होल्टचा, असे २४ सेल एका रांगेत. आणि उणे का? बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला जोडलं की ओलाव्यात तांब्याच्या तारा कमी गंजतात.

बाहेरून येते एसी. तिची डीसी करतो रेक्टिफायर. तो यंत्रं चालवतो आणि बॅटरीही भरलेली ठेवतो. त्यामुळे सगळं ठीक असताना मीटरवर ४८ नाही, साधारण ५४ दिसतात. रेक्टिफायर बंद पडला की आकडा झटकन ५० च्या आसपास येतो, मग हळूहळू घसरतो. ४३ च्या जवळ आला की बॅटरी संपलीच समजा. म्हणजे निदानाची पहिली पायरी एकदम सोपी: मीटर लावा. ५४ असेल तर दोष पुढे कुठेतरी, फ्यूज, वायरिंग किंवा कार्डमध्ये. ५० असेल आणि उतरत असेल, तर आधी रेक्टिफायर बघा.

आता परत त्या दिवसाकडे. उकाडा होता, शहराची विजेची मागणी वाढली होती. वीज कंपनीशी आधीच करार होता, त्यानुसार एटी अँड टीने सकाळी इमारत स्वतःच्या जनरेटरवर घेतली. या बदलात रेक्टिफायर बंद पडले. पण फोन बंद पडले नाहीत, कारण बॅटरीने भार उचलला. तिचं कामच ते. बाहेर कुणालाच काही जाणवलं नाही.

जनरेटरवर गेल्यावर कुणीतरी पॉवर रूममध्ये जाऊन तपासायचं, असा नियम होता. ते झालं नाही. काही अलार्म वाजलेच नाहीत, आणि जे दिवे लागले ते बघायला तिथे कुणी नव्हतं. पॉवरचं काम बघणारे टेक्निशियन त्या दिवशी ट्रेनिंगला गेले होते. ट्रेनिंग कशाचं? नव्या अलार्म सिस्टीमचं!

संध्याकाळी पाचच्या सुमारास बॅटऱ्या संपल्या. ५० लाखांहून जास्त कॉल लागले नाहीत. विमान वाहतूक नियंत्रणाच्या लाईनही त्याच इमारतीतून जात होत्या, त्यामुळे केनेडी, लाग्वार्डिया आणि नेवार्क या तिन्ही विमानतळांवरची उड्डाणं खोळंबली. आणि बॅटरी पूर्ण उतरली की बटण दाबून लगेच सगळं सुरू होत नाही. व्होल्टेज वर यायला वेळ लागतो.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडेही एक सर्व्हर पडला की दुसरा काम उचलतो, युजरला पत्ता लागत नाही, आणि आम्ही खूश. ही केस वाचल्यापासून मला वाटतं, बॅकअप सुरू झाला हीच सगळ्यात मोठी बातमी असायला हवी. बॅटरी दोष दुरुस्त करत नाही, ती फक्त वेळ देते. न्यूयॉर्कला त्या दिवशी सहा तास मिळाले होते. रेक्टिफायर परत सुरू करायला तेवढा वेळ भरपूर होता. कमी पडला तो मीटरकडे बघणारा एक माणूस.

तुमच्या गल्लीतल्या मोबाइल टॉवरखालीही असंच एक कॅबिनेट असतं: रेक्टिफायर, बॅटरी आणि तेच ४८ व्होल्ट. पुढच्या वेळी लाईट गेली आणि तरीही हा पॉडकास्ट चालू राहिला, तर कुठेतरी एक आकडा ५४ वरून खाली यायला लागला असेल, हे लक्षात ठेवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर फोन चार्ज ठेवा!